रातपाळीची रजा एक, कापल्या दोन: पाळीवाल्यांच्या रजेचा हिशेब कसा करता?

हिशेबनीस_मुलुंड

मंडळी, मुलुंडच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी हजेरी आणि पगार बघतो. नाव विचारू नका, अजून आठ वर्षं नोकरी करायची आहे.

रिसेप्शन, बिलिंग, फार्मसी यांची ड्युटी आठ तासांची आणि आठवड्याला एक सुटी. त्यांचं कधी काही अडलं नाही. आयसीयूच्या सिस्टर मात्र दोन वर्षांपासून बारा तासांवर आहेत. दोन डे, दोन नाईट, मग चार ऑफ. डे म्हणजे सकाळी आठ ते रात्री आठ, नाईट त्याच्या उलट. बऱ्याचजणी टिटवाळा, बदलापूरकडून येतात. लोकलचे धक्के निम्म्यावर आले म्हणून त्या खूश आहेत. घोळ आला तो माझ्या टेबलावर.

एका सिस्टरने २५ जानेवारीच्या नाईटला रजा टाकली. किरकोळ रजा आमच्याकडे दर तिमाहीला दोन जमा होतात. तिची एक आधीच गेलेली दिसत होती, एक शिल्लक होती. नाईट सुरू होते २५ ला, संपते २६ ला, म्हणून सॉफ्टवेअरने दोन तारखा धरल्या आणि दोन रजा लावल्या. एक शिलकीतून गेली, दुसरी बिनपगारी. पगार २७,००० भागिले ३१, म्हणजे ८७१ रुपये कापले. त्यातून २६ जानेवारी! सगळ्यांना झेंडावंदनाची सुटी आणि हिच्या नावावर खाडा.

स्लिप घेऊन ती समोर उभी राहिली. "सर, मी एकदाच आले नाही ना? मग दोनदा कशी नाही आले?"

वीस वर्षं हिशेब करतोय, पण यावर तोंड उघडता आलं नाही. तर विचारायचंय ते असं. रातपाळीची तारीख कोणती धरायची? पगार कापायचाच झाला तर भागायचं कशाने, ३१, ३०, २६ की आणखी कशाने? आणि वर्षाच्या आठ किरकोळ रजा म्हणजे आठ काय? दिवस, पाळ्या की तास?


चहा_बिस्कूट

सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा. आमच्याकडे 'पाळी ज्या तारखेला सुरू, ती हजेरीची तारीख' अशी सोय पहिल्या दिवसापासून होती. तीन वर्षं कुणी ती चालूच केली नव्हती.


कलम_सत्तावन

मी भांडुपच्या एका कारखान्यात पर्सोनेलला होतो, आता निवृत्त. आयडी उगाच घेतलेला नाही. कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम ५७ नेमकं यासाठीच होतं. पाळी मध्यरात्रीच्या पलीकडे जात असेल तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे. अशा कामगाराची साप्ताहिक सुटी म्हणजे पाळी संपल्यापासून पुढचे सलग २४ तास. कॅलेंडरचं पान बाराला उलटतं, कामगाराचा दिवस पाळी संपल्यावर उलटतो.

हॉस्पिटल म्हणजे कारखाना नव्हे, हे मला माहीत आहे. पण तत्त्व उसनं घ्यायला कुणाची ना नाही. २५ ची नाईट ही २५ चीच. एक रजा. २६ तारीख त्या बाईसाठी सकाळी आठला सुरू होते.

फक्त एक सांगतो. एक टोक धरलंत की दुसरंही धरावं लागेल. २५ च्या रात्री ज्या सिस्टर कामावर होत्या, त्या २६ च्या पहाटे काम करत होत्या, तरी ते सुटीच्या दिवशीचं काम धरता येणार नाही. उलट २६ ला रात्री आठला ज्या आल्या, त्यांची पूर्ण पाळी, २७ च्या सकाळपर्यंतची, सुटीतली. कापताना सुरुवातीची तारीख आणि देताना सोयीची तारीख, असं करणारे मी पाहिलेत.


हिशेबनीस_मुलुंड

शेवटचं वाक्य वाचून घाम फुटला. आमच्याकडे २६ च्या नाईटवाल्यांना सुटीचा मोबदला चारच तासांचा दिलाय, रात्री आठ ते बारा.


लालबागचा_भाचा

माझे मामा गिरणीत होते. पहिली पाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा, रातपाळी बारा ते सात. रातपाळी तासांनी लहान, तरी हजेरी पुरी आणि खाडाही पुरा. तासाची भाषा कोणी बोलतच नसे. 'किती पाळ्या भरल्या' एवढंच विचारत. गंमत म्हणजे रातपाळी बरोबर बाराला सुरू व्हायची, त्यामुळे तुमचा दोन तारखांचा झगडा तिथे उभाच राहिला नसता.

अवांतर: मामा सांगायचे, बदली कामगाराला रजेचा हिशेब हा प्रकारच नव्हता. फाटकावर उभं राहायचं, कोणाचा खाडा पडला तर आत. दुसऱ्याची रजा म्हणजे याची चूल.


मरोळ_नाका

मी अंधेरीला पाळ्यांवर चालणाऱ्या ऑफिसात एचआरला आहे. आम्ही सरळ ३० ने भागतो. महिना २८ चा असो की ३१ चा, सगळ्यांना एकच दर, भांडण नाही.


हिशेबनीस_मुलुंड

@मरोळ_नाका, काल रात्री बसून आकडे मांडले, म्हणून भांडण आहे असं म्हणतो.

या सिस्टरच्या वाट्याला जानेवारीत १५ पाळ्या आल्या. समजा ती महिनाभर आलीच नाही आणि शिल्लक रजा शून्य. पगार किती निघायला हवा? शून्य. आता ३१ ने भागून पाळीमागे ८७१ कापा: १५ पाळ्यांचे साधारण १३,०६५. म्हणजे एक दिवसही न येता तिला १३,९३५ रुपये मिळणार. ३० ने भागलं तर १३,५०० मिळणार. २६ ने भागलं तर दर १,०३८ होतो, तरी ११,४२३ रुपये घरबसल्या.

मालकांना हे अजून दाखवलेलं नाही.


कलम_सत्तावन

हीच खरी परीक्षा आहे, शाबास. पूर्ण महिना गैरहजर राहिलेल्याचा पगार शून्यावर येत नसेल तर भाजक चुकला.

२६ चा आकडा आकाशातून पडलेला नाही. महिन्याच्या तीसातून चार साप्ताहिक सुट्ट्या वजा केल्या की २६. ग्रॅच्युइटीच्या सूत्रातही तोच बसलाय, पंधरा भागिले सव्वीस. आठवड्याला एक सुटी असलेल्याला तो शोभतो, कारण त्याला खरंच सव्वीस-सत्तावीस दिवस यायचं असतं. तुमच्या सिस्टरना पंधरा वेळा यायचंय. त्यांच्या गळ्यात सव्वीस कशाला?

कायदा भाजक सांगत नाही, प्रमाण सांगतो. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ च्या कलम ९ मध्ये ते होतं आणि वेतन संहिता, २०१९ च्या कलम २० मध्येही आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मतलब असा: पगाराच्या मुदतीत नोकरीच्या अटींप्रमाणे जितका काळ काम करायचं होतं, त्याच्याशी गैरहजेरीचं जे प्रमाण, त्याहून जास्त प्रमाणात पगार कापायचा नाही. 'जितका काळ काम करायचं होतं' यावर बोट ठेवा. महिना किती दिवसांचा, हे तिथे कोणी विचारलेलंच नाही. ते तुमच्या ड्युटी लिस्टमध्ये लिहिलेलं असतं.


हिशेबनीस_मुलुंड

म्हणजे जानेवारीत १५ पाळ्या, एका बिनपगारी पाळीचे १,८०० रुपये. फेब्रुवारीत त्याच सिस्टरला १४ आल्यात, तिथे १,९२९. मार्चच्या लिस्टमध्ये १६ आहेत, तिथे १,६८७ रुपये ५० पैसे. एकाच बाईची एकच नाईट आणि तीन महिन्यांत तीन भाव. भाजीबाजार झाला की हो हा.

वर्षाची सरासरी काढली तर? ३६५ दिवसांत एकशे साडेब्याऐंशी पाळ्या बसतात, म्हणजे पाळीला १,७७५. कायमचा एक आकडा.


कलम_सत्तावन

काढा, पण मार्चमध्ये अडाल. १६ पाळ्यांच्या महिन्यात मर्यादा १,६८७.५० ची आणि तुम्ही कापणार १,७७५. प्रमाणाच्या वर गेलात. सरासरी वापरायचीच तर दोन्हींतला कमी आकडा घ्या, म्हणजे कुणाला बोलायला जागा उरणार नाही. मी असतो तर त्या-त्या महिन्याच्या लिस्टप्रमाणेच कापलं असतं आणि लिस्ट पगाराच्या स्लिपला जोडून दिली असती. भाव बदलतो म्हणून माणूस चिडत नाही, का बदलला ते दिसत नाही म्हणून चिडतो.

आणि बारा तासांचं काय? दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा राज्य कायदा आला तेव्हा दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास होते, वरचे तास दुप्पट दराने. नऊ धरा नाहीतर पुढे वाढवलेले दहा धरा, बारा त्यात मावत नाहीत. आठवड्याची सरासरी ४२ येते असं मालक म्हणतील, पण सरासरीने दिवसाची मर्यादा भागत नाही. हा वेगळा धागा आहे, काढलात तर येईन.


रात्रपाळी_सिस्टर

वाचत होते, न राहवून लिहिते. मीही बारा तासांवर आहे, दुसऱ्या हॉस्पिटलात, तुमच्याच पद्धतीने दोन-दोन-चार.

तुम्ही दोन तारखांवर अडलात, आमच्याकडे 'सँडविच' आहे. जानेवारीत मी १७ ची नाईट आणि २२ चा डे रजा मागितली. गावी सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. मधले १८ ते २१ माझे ऑफच होते. लावल्या किती? सहा. ऑफ धरून. मी म्हटलं, ऑफला मी नाहीतरी घरीच असते, त्या दिवशी मला ड्युटी आहे का? तर म्हणे नियम आहे, रजेच्या दोन पावांत सापडलेली सुटी रजाच.

एक पाव, एक पाव आणि मध्ये चार दिवसांची भाजी!

दुसरं. मागे एकदा नाईटला रात्री दोनला ताप भरला. लोकल नाही, रिक्षाने कल्याणला जायला पैसे नाहीत. रेस्टरूममध्ये पडून राहिले, पहिली गाडी धरून गेले. हजेरी मशीनवर बाहेर पडल्याची वेळ पहाटेची, म्हणून पूर्ण हजेरी लागली होती. इनचार्जने नंतर पूर्ण दिवसाची रजा टाकायला लावली. मी सहा तास काम केलं होतं, चार इंजेक्शनं दिली, एक पेशंट शिफ्ट केला. ते कुठे गेले?


मरोळ_नाका

सँडविच आमच्याकडेही आहे, आणि खरं सांगायचं तर लोक त्याचा गैरफायदा घेतात. शुक्रवार-सोमवार रजा टाकून चार दिवस गायब.


रात्रपाळी_सिस्टर

शनिवार-रविवार त्यांचा हक्काचा असेल तर गायब कसले? सुट्टीच घेतायत ना.


कलम_सत्तावन

कारखाने कायद्याच्या कलम ७९ मध्ये हक्काच्या रजेबद्दल हे स्वच्छ होतं. मध्ये येणाऱ्या आणि दोन्ही टोकांना येणाऱ्या सुट्ट्या रजेत धरायच्या नाहीत. सँडविच हा कंपन्यांच्या कॅन्टीनमध्ये तयार झालेला पदार्थ. आणि सिस्टरच्या बाबतीत तो दुप्पट वाईट आहे. आठ तासवाल्याच्या पावांत एक सुटी सापडते, बारा तासवालीच्या चार. ते चार ऑफ फुकटचे नाहीत, आधीच्या चार लांब पाळ्यांत भरलेले तास आहेत ते. तासांत हिशेब ठेवा, सँडविच आपोआप गळून पडतं: १७ ची नाईट बारा तास, २२ चा डे बारा तास, एकूण २४ तास रजा, संपलं. तापाच्या रात्रीचे सहा तास रजा, सहा तास काम. तुमची चार इंजेक्शनंही जागेवर येतात.


फ्रंट_डेस्क

तासांचं काढलंतच म्हणून विचारते. मी रिसेप्शनला, आठ तास, सहा दिवस. मला आठ किरकोळ रजा म्हणजे ६४ तास. आयसीयूवालीला आठ म्हणजे ९६ तास. वर ती आठवड्याला सरासरी ४२ तास येते, मी ४८. हा कुठला न्याय? तिलाही ६४ तासच द्या.


लालबागचा_भाचा

आता पेटला धागा.


कलम_सत्तावन

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर तुम्हाला आवडणार नाही. २०१७ चा कायदा आठ किरकोळ रजा 'दिवस' म्हणून देतो, तिमाहीप्रमाणे जमा करतो. ६४ तास दिले तर बारा तासवालीच्या पाच पाळ्या होतात आणि चार तास उरतात. आठ दिवस घरी राहण्याचा हक्क सव्वापाचावर आला. म्हणून दिवसाचं तासांत रूपांतर करताना ज्याच्या-त्याच्या पाळीने गुणायचं. तास हे नुसतं माप आहे. मापाने हक्क लहान होता कामा नये.


मरोळ_नाका

थांबा. दिवस धरायचे म्हणता, तर मग हक्काच्या रजेचं काय? राज्याच्या कायद्यात वर्षाला २४० दिवस काम केलं तरच दर वीस दिवसांमागे एक रजा. हिशेबनीसांनी वर लिहिलंय, वर्षाला एकशे साडेब्याऐंशी पाळ्या. या सिस्टर एकही खाडा न करता, तापात, पावसात, मेगाब्लॉकमध्ये येत राहिल्या तरी २४० भरणार नाहीत. कधीच नाहीत.


हिशेबनीस_मुलुंड

हे मी तीनदा वाचलं. दोन वर्षं मी या सिस्टरना दरवर्षी हक्काची रजा देतोय, सॉफ्टवेअरने जमा केली म्हणून. कोणत्या आधारावर?


कलम_सत्तावन

चांगुलपणाच्या आधारावर, आणि तो चालतो. कायद्याहून जास्त द्यायला मनाई नाही. पण लेखी काही नसेल तर उद्या नवा मॅनेजर येईल आणि २४० वर बोट ठेवून सगळं पुसून टाकेल.

केंद्राच्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही अट १८० दिवसांवर आणली आहे. त्यात तुमच्या सिस्टर बसतात, पण नखभर. १८२ मधून तीन खाडे गेले की १७९. मी व्यवस्थापनाकडून एका ओळीचं पत्र घेतलं असतं: बारा तासांची एक पाळी पात्रतेसाठी दीड दिवस धरली जाईल. १८२ पाळ्यांचे २७३ होतात. कायदा कोणताही लागू धरा, पात्रतेला धक्का नाही.


फ्रंट_डेस्क

म्हणजे हक्काच्या रजेला पाळी दीड दिवसाची आणि किरकोळ रजेला एका दिवसाची? दोन्हीकडून त्यांचाच फायदा.


कलम_सत्तावन

हो, इथे तुमचं म्हणणं खोडता येत नाही. फक्त पात्रतेपुरतं दीड धरा, रजा मोजताना वीस पाळ्यांना एक पाळी. १८० पाळ्या झाल्या तर नऊ रजा. तुम्हाला त्याच नियमाने चौदा-पंधरा मिळतील. तासांत १०८ विरुद्ध ११२ ते १२०. आता कोण पुढे?


फ्रंट_डेस्क

बरं. बसते गप्प.


चहा_बिस्कूट

अवांतर विचारतो. आमच्याकडे तीन लेट मार्कला अर्धा दिवस पगार कापतात. मी परवा तीनदा मिळून ४० मिनिटं उशिरा पोचलो, तिन्ही वेळा कुर्ल्याच्या अलीकडे गाडी उभी. वरचा प्रमाणाचा नियम याला लागतो का?


कलम_सत्तावन

लागतो. ४० मिनिटांच्या गैरहजेरीला चाळीस मिनिटांच्याच प्रमाणात पगार कापायचा. अर्ध्या दिवसाचा, म्हणजे चार तासांचा पगार कापणं हा गैरहजेरीचा नव्हे, दंडाचा हिशेब झाला, आणि दंडाचे नियम वेगळे व कडक आहेत. शिस्त लावायची तर मेमो द्या.


हिशेबनीस_मुलुंड

धागाकर्त्याकडून हालहवाल.

मेट्रन आणि मालक डॉक्टर, दोघांसमोर बसलो. महिनाभर न येणाऱ्याला १३,९३५ रुपये मिळतात हे सांगितल्यावर डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. त्याआधी दहा मिनिटं ते मोबाइलच बघत होते. पाळीची तारीख सुरुवातीची, हे मान्य. बिनपगारी कपात त्या महिन्याच्या ड्युटी लिस्टप्रमाणे, हेही मान्य. २६ जानेवारीच्या नाईटवाल्यांचा राहिलेला आठ तासांचा मोबदला पुढच्या पगारात. २४० चा विषय काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हे तुला कोणी विचारलं का?" मी म्हटलं नाही. "मग आत्ताच पत्र बनव, कोणी विचारायच्या आत." माणूस वाईट नाही.

सिस्टरचे ८७१ रुपये परत गेले.

मेट्रननी एक अट घातली, ती मला पटली. रजा मंजूर होते त्या दिवशीची ड्युटी लिस्ट अंतिम. आमच्या इनचार्ज पेन्सिलने लिस्ट बदलतात, मग रजेच्या दिवशीच ऑफ येतो आणि रजा फुकट गेली की वाचली यावर वाद.


रात्रपाळी_सिस्टर

छान झालं. एक विचारू? ३१ डिसेंबरची नाईट कुठल्या वर्षात धरता? किरकोळ रजा तर वर्षअखेरीला बाद होतात.


कलम_सत्तावन

सुरू झाली त्या वर्षात. प्रश्नच नाही.


हिशेबनीस_मुलुंड

सिस्टर, तुमचा प्रश्न वाचून ऑफिसात परत गेलो. माझ्या मूळ पोस्टमध्ये मी लिहिलंय की त्या सिस्टरची तिमाहीतली एक रजा 'आधीच गेलेली दिसत होती'. कशी गेली ते मी पाहिलंच नव्हतं.

३१ डिसेंबरची नाईट तिने रजा घेतली होती. अर्जात 'पासून' ३१ आणि 'पर्यंत' १ भरावं लागतं, नाहीतर सकाळचे आठ तास गैरहजर दिसतात. सॉफ्टवेअरने एक रजा जुन्या वर्षातून घेतली, दुसरी नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी. आणि १ तारखेला रात्री आठला ती पुन्हा ड्युटीवर आली होती. मस्टरमध्ये १ जानेवारीला एकाच बाईची रजाही आहे आणि हजेरीही.

तिला आत्ताच फोन केला. नाईटला आहे, उचलला नाही.